नाकाच्या दोन सावल्या

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फोटो स्टुडिओ कसा करायचा यावर अर्ध्या पानाचा लेख आलाय, त्याबद्दल लिहितोय. पत्र जरा लांब झालंय, छापताना तुम्ही कात्री लावणार हे माहिती आहे, पण निदान तुम्ही तरी पूर्ण वाचा.

लेखात असं म्हटलंय की चेहऱ्याचा बरा फोटो काढायचा तर कमीत कमी तीन लाईट पाहिजेतच, एक मेन, एक सावली भरायला, एक मागनं केसांवर मारायला, आणि वर बॅकग्राउंडला चौथा असला तर उत्तम. मग त्यांच्या स्टँडची, सॉफ्टबॉक्सची (लाईटवर बसवायची पांढऱ्या कापडाची पेटी), फ्लॅश लांबून पेटवणाऱ्या ट्रिगरची यादी. हे वाचून एखादा कॉलेजचा पोरगा बापाच्या मागे लागणार की एवढे एवढे हजार द्या, आणि बाप म्हणणार जा तिकडं. तीन लाईट लावणं चूक आहे असं मी म्हणत नाही, आमच्या वडिलांनी आयुष्यभर तीनच लावले. पण ज्याला एक लाईट सांभाळता येत नाही त्याच्या हातात तीन दिले की काय होतं ते तुमच्याच लेखाशेजारच्या फोटोत छापून आलंय. तो मुलीचा फोटो जरा भिंग घेऊन बघा साहेब. नाकाच्या डाव्या बाजूला एक सावली, उजव्या बाजूला एक सावली, हनुवटीखाली दोन, आणि डोळ्यात उजेडाचे तीन तीन ठिपके. आभाळात सूर्य एकच आहे म्हणून माणसाच्या नाकाला एकच सावली बघायची आपल्याला सवय असते, दोन दिसल्या की बघणाऱ्याला कळत नाही काय चुकलंय पण काहीतरी खटकतं.

मी कराडात स्टुडिओ चालवतो, माझ्या आधी वडील चालवायचे. त्यांच्या वेळेला मोठे फोटोफ्लडचे बल्ब असायचे, लावले की दोन मिनिटात गिऱ्हाईक घामानं भिजायचं, म्हणून आरशापाशी पावडरचा डबा आणि टॉवेल कायम ठेवलेला. डावीकडं एक, उजवीकडं जरा लांब एक, आणि मागं उंचावर एक छोटा. खुणा फरशीवर ऑइलपेंटनं केलेल्या, स्टूल कुठं, स्टँड कुठं, सगळं ठरलेलं. मी बावीस वर्षांचा असताना दुकानात बसायला लागलो तेव्हा त्या खुणांवर स्टँड ठेवायचा आणि बटण दाबायचं एवढंच मला येत होतं. लाईट काय करतो हे मला ठाऊक नव्हतं आणि कधी विचारलंही नाही, वडिलांनी सांगितलंही नाही, ते फक्त म्हणायचे की नाकाची सावली ओठाला लागली की फोटो गेला.

मला एक लाईट वापरायला शिकवलं ते लोडशेडिंगनं. तुम्हाला आठवत असेल २००५-०६ च्या आसपास आमच्याकडं काय हाल होते. कोयनेचं धरण इथून तासा-दीड तासावर आणि आमच्या दुकानात दिवसाचे कितीतरी तास अंधार, यावर तेव्हा सगळेच बोलायचे. जनरेटर परवडत नव्हता, इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि पंखा चालायचा, हॅलोजन लावला की तो लगेच टूं टूं करून बंद पडायचा. लग्नसराईचे दिवस. एक बाई मुलीला घेऊन आल्या, स्थळाला फोटो पाठवायचा होता, खेड्यावरनं आल्या होत्या आणि साडेपाचच्या एसटीनं परत जायचं होतं. लाईट येणार सात वाजता. मी म्हटलं उद्या या. त्या म्हणाल्या, उद्या कोण येतंय ओ, दीडशे रुपये मोडलेत हिच्या तयारीला, काढा कसा पण.

मग मुलीला शटरजवळ बसवली. ऊन तोंडावर येत होतं म्हणून शटर अर्धं खाली ओढलं. आणि कॅमेऱ्यातनं बघितलं तर पोरगी भुतासारखी दिसायला लागली! कारण काय, अर्धं शटर खाली म्हणजे उजेड खालच्या अर्ध्यातनंच आत येणार, रस्त्यावरनं उडालेला, फरशीवरनं उसळलेला. हनुवटी पांढरीफटक, नाकाची सावली वर कपाळाकडं, डोळ्यांखाली जिथं सावली असते तिथं उजेड. मी गडबडलो. तेवढ्यात काय सुचलं कुणास ठाऊक, शटर पूर्ण वर केलं आणि बॅकग्राउंडचं काळं कापड काढून खालच्या अर्ध्याला आडवं बांधलं, छातीएवढ्या उंचीला. आता उजेड वरच्या अर्ध्यातनंच येणार. ऊन आत येत होतं तिथं वर पांढरी चादर सोडली. मुलीला दारापासून चार फूट आत घेतली, दाराकडं सरळ तोंड न करता तिरकी बसवली, आणि साहेब, तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच दुकानात एक खरा चेहरा दिसला. एका गालावरून उजेड हळूहळू उतरत दुसऱ्या गालावर विरत होता, नाकाची गोलाई दिसत होती, कानातल्या रिंगची सावली मानेवर पडलेली. तीन हॅलोजनमध्ये यातलं काहीही कधी दिसलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर त्या बाईंना तो फोटो आवडला नाही. चार दिवसांनी प्रिंट लॅबवरनं आली तेव्हा म्हणाल्या, अर्धं तोंड काळं आलंय की, पोरगी सावळी दिसतीय, पाहुणे काय म्हणतील. मी पैसे अर्धेच घेतले. हे मुद्दाम सांगतोय कारण एका लाईटचे गोडवे गाणारे लोक हे सांगत नाहीत. आपल्याकडं गिऱ्हाइकाला सावली नको असते. सावली म्हणजे डाग, सावली म्हणजे काळं, असं डोक्यात बसलंय. म्हणून त्यानंतर मी सावलीच्या बाजूला पांढरं काहीतरी धरायला लागलो. आधी थर्माकोल होतं, सिनेमावाले अजून थर्माकोलच म्हणतात, आता मी पांढरा कार्डबोर्ड वापरतो. घरात असेल तर धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाका, धोतर टाका, काहीही चालतं. चादर चेहऱ्याच्या जवळ आणली की सावली उजळते, लांब नेली की गडद होते. हा दुसरा लाईट नाही बरं का, हा त्याच लाईटचा परत आलेला उजेड, मंद आणि पसरलेला, म्हणून याची वेगळी सावली पडलेली दिसत नाही. हा फरक तुमच्या लेखकानं एका वाक्यात जरी लिहिला असता तरी वाचणाऱ्यांचे पैसे वाचले असते.

आणि उलटं करायचं असेल, म्हणजे पैलवान गडी आहे, चेहरा रांगडा आहे, त्याला सपाट करायचा नाही, तर पांढऱ्याऐवजी काळं धरा. मी घरातली जुनी काळी छत्री उघडून ठेवतो बाजूला. भिंतीवरनं उडून येणारा उजेड ती खाऊन टाकते. लहान खोली आणि पांढऱ्या भिंती असल्या की एक लाईट लावला तरी चारी बाजूनी उजेड उसळत राहतो आणि लोक म्हणतात आमच्या फोटोत तुमच्यासारखी सावली का येत नाही. त्याला एवढंच कारण असतं.

लेखात आणखी एक वाक्य आहे की लाईट जितका पॉवरफुल तितका चांगला. हे साफ चूक. चेहऱ्यासाठी तीन गोष्टी बघायच्या, लाईट केवढा मोठा आहे, किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला आहे. वॅट सगळ्यात शेवटी. विश्वास बसत नसेल तर आज रात्री करून बघा, एक अंडं घ्या, शाकाहारी असाल तर पांढरा कांदा घ्या, टेबलावर ठेवा, खोलीतले सगळे लाईट बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारा. कडक काळी सावली पडेल, कडा चाकूनं कापल्यासारखी. आता टॉर्च आणि अंड्याच्या मधे, अंड्याच्या अगदी जवळ, एक बटर पेपर नाहीतर पातळ पांढरा रुमाल धरा. सावलीची कड मऊ होईल. टॉर्च तोच, पण आता अंड्याला टॉर्च दिसतच नाही, त्याला तो उजळलेला रुमाल दिसतो, आणि रुमाल टॉर्चपेक्षा कितीतरी मोठा. आता तोच रुमाल आणि टॉर्च दोन्ही तसेच धरून चार पावलं मागं जा. सावली परत कडक व्हायला लागेल, कारण लांबून रुमालही बारकाच. सूर्य एवढा प्रचंड असून दुपारच्या उन्हात सावली कडक का पडते, तर तो पंधरा कोटी किलोमीटरवर आहे आणि आपल्याला आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. दोन फुटी सॉफ्टबॉक्स तोंडापासून दोन फुटावर आणला तर तो पन्नासेक अंशांचा दिसतो, म्हणजे चेहऱ्याच्या हिशेबानं तो सूर्यापेक्षा शंभर पट रुंद. लोक काय करतात, सॉफ्टबॉक्स विकत घेतात आणि खोलीच्या कोपऱ्यात आठ फुटावर उभा करतात, फोटोत यायला नको म्हणून. मग म्हणतात सॉफ्ट येत नाही.

अंतराचं दुसरं गणित मागच्या भिंतीचं. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, पाव होतो, तिप्पट केलं की नववा हिस्सा. समजा लाईट चेहऱ्यापासून दोन फुटावर आहे आणि भिंत चेहऱ्याच्या मागं चार फुटावर, म्हणजे लाईटपासून भिंत सहा फूट. भिंतीवर चेहऱ्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पोचणार, पांढरी भिंतसुद्धा राखाडी दिसणार. तोच लाईट सहा फुटावर नेला तर भिंत दहा फुटावर, आणि तिथं चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड, भिंतीवरचं कॅलेंडर, खिळा, रंगाचा पोपडा सगळं दिसणार. बॅकग्राउंड काळं करायला काळा पडदा लागत नाही, लाईट जवळ आणायला लागतो. मोठ्या खिडकीला हे गणित असं तंतोतंत बसत नाही, बारक्या लाईटला बसतं, पण खिडकीपासून माणूस जवळ आणि भिंत लांब ठेवली की परिणाम साधारण तोच.

बाजूचं म्हणाल तर सुरुवातीला एकच जागा लक्षात ठेवावी. लाईट समोरून थोडा बाजूला आणि डोक्यापेक्षा वर, दोन्हीकडनं साधारण पंचेचाळीस अंश. मग माणसाची मान हळूहळू वळवत न्यायची. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली की अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक तिकोन उरतो, तो डोळ्याएवढाच रुंद असला की झकास. याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात, रेम्ब्रांट हा हॉलंडचा सतराव्या शतकातला चित्रकार, त्याच्या चित्रांतल्या चेहऱ्यांवर असा उजेड दिसतो म्हणून. फोटोग्राफीचा शोध लागायच्या आधी दीड-पावणेदोनशे वर्षं तो गेला. त्याच्याकडं होती खिडकी.

पण साहेब, एक लाईट म्हणजे आपोआप चांगला फोटो असंही समजू नका, नाहीतर उद्या कोणीतरी मलाच पकडेल. रिंग लाईट पण एकच असतो ना. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पण एकच. पण ते लेन्सच्याच जागेवरनं येतात, सावल्या सगळ्या माणसाच्या मागं पडतात, कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, आणि चेहरा ताटासारखा सपाट. रिंग लाईटमध्ये तर डोळ्यात पांढऱ्या बांगड्या दिसतात. मेकअप दाखवायचा असेल तर ठीक आहे, पार्लरवाल्या ताई वापरतात त्यांचं बरोबर आहे. माणूस दाखवायचा असेल तर लाईट लेन्सपासून बाजूला काढा.

आणि मोठ्या मोठ्या लोकांनी काय केलं तेही बघा. अर्व्हिंग पेन म्हणून अमेरिकेतला फॅशनचा फार मोठा फोटोग्राफर होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये तो पेरूतल्या कुझको गावात गेला आणि तिथल्या गावातल्याच एका फोटोग्राफरचा स्टुडिओ त्यानं नाताळात भाड्यानं घेतला. आमच्यासारखाच स्टुडिओ, सणाला फोटो काढायला येणारी गावची माणसं, फक्त एका बाजूनं दिवसाचा उजेड आत येईल अशी सोय. लाईट बिट काही नाही. तिथं काढलेले शेतकऱ्यांचे, बायापोरांचे फोटो आज म्युझियममध्ये आहेत. गावातल्या स्टुडिओवाल्याला कमी समजू नये हे यातून मी माझ्यापुरतं घेतो!

आपल्याकडचं उदाहरण तर घराघरात आहे पण कोणाच्या लक्षात येत नाही. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योत झाकणारी बाई, चेहऱ्यावर खालून पिवळा उजेड, बोटांच्या फटीतून लालसर. कितीतरी घरांत ते चित्र फ्रेम करून लावलेलं असतं आणि शंभरातले नव्वद लोक सांगतात की राजा रविवर्म्याचं आहे. रविवर्मा १९०६ ला वारले. हे चित्र त्यानंतर चाळीस वर्षांनी काढलंय, सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांनी, आणि तेही जलरंगात. समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, मी मुद्दाम बघायला गेलो होतो, तिथं त्याच्यासाठी अंधारी खोली केलीय. मी तिथं उभा राहून एकच विचार करत होतो की माझ्या शटरखालच्या उजेडानं पोरगी भूत दिसली आणि इथं पण उजेड खालूनच आहे, मग ही का नाही दिसत? मला वाटतं कारण असं की इथं दिवा चित्रातच आहे. उजेड कुठनं येतो हे डोळ्याला दिसतं, म्हणून मन ते मान्य करतं. शिवाय तिची मान जरा झुकलेली आहे, दिवा छातीपाशी आहे, अगदी पायातनं येणारा उजेड नाही. त्यानंतर मी दिवाळीत पणतीबरोबर पोरींचे फोटो काढायला लागलो, नुसत्या पणतीच्या उजेडात, बाकी सगळं बंद. मोबाईलच्या रात्रीच्या मोडनं नका काढू, तो मोड अंधारच ठेवत नाही, सगळं दिवसासारखं करतो.

आता ज्यासाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला बसलो ते सांगतो.

तुमच्या पेपरात रोज श्रद्धांजलीच्या जाहिराती येतात. त्यातले फोटो बघा एकदा. निम्मे फोटो लग्नाच्या ग्रुपमधनं कापलेले असतात, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात असतो, नाहीतर आधार कार्डावरचा. माझ्याकडं महिन्यातनं चार-पाच घरं अशी येतात, डोळे सुजलेले, हातात मोबाईल, म्हणतात दादांचा हा फोटो आहे बघा, एवढाच आहे, मागचं पुसून मोठा करून द्या, उद्या तिसरा दिवस आहे. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा एक धड फोटो नाही, आणि घरात पाच मोबाईल. मी करून देतो, पण जे कॅमेऱ्यानं टिपलेलंच नाही ते कॉम्प्युटर कुठनं आणणार. हल्ली एक बटण दाबलं की चेहरा गुळगुळीत करून देतात, मग घरचेच म्हणतात हे आमचे दादा नाहीत वाटत.

म्हणून मागच्या वर्षीपासून कोणी बोलावलं तर मी घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढतो. लाईट नेत नाही. पाटणच्या बाजूला एका घरी गेलो होतो, जुनं घर, माजघराला खिडकीच नाही, सोप्याला मोठं दार. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. मला बघून म्हणाल्या, आत्ताच कशाला काढताय, मी काय लगेच चालले व्हय? नातू म्हणाला, अगं तसं न्हाय आजी, असाच एक असावा. त्या म्हणाल्या, मग तुझा काढ.

तरी बसल्या. मी त्यांना दाराच्या आत दोन-अडीच हातावर पाटावर बसवलं, उंबऱ्यावर नाही, उंबऱ्यावर बसवलं असतं तर त्याच ओरडल्या असत्या, आणि तिथं उजेडही सपाट येतो. दार त्यांच्या डाव्या हाताला येईल असं तिरकं. सोप्यातली ट्यूब बंद केली. नातवानं लावली. मी परत बंद केली. तो म्हणाला, अंधार पडतोय की ओ. त्याला समजावलं की बाबा, दाराचा उजेड एका रंगाचा, ट्यूबचा दुसऱ्या रंगाचा, दोन्ही एका तोंडावर पडले की एक गाल निळसर आणि दुसरा हिरवट येतो, आणि तो कुठल्या फिल्टरनं निघत नाही. घरातले लाईट बंद करणं हे फुकटचं काम आहे पण लोकांना तेच सगळ्यात अवघड जातं, आपल्याला फोटो म्हटला की सगळी बटणं दाबायची सवय.

डोक्यावरून पदर होता. पदर म्हणजे चेहऱ्यावर छज्जाच, वरनं येणारा उजेड अडवतो आणि डोळे खोल अंधारात जातात. पदर काढा म्हणायचा प्रश्नच नाही. मग मी त्यांची मान दाराकडं आणखी थोडी वळवली आणि हनुवटी किंचित वर, त्यासाठी नातवाला दाराबाहेर अंगणात उभा केला आणि त्याच्याशी बोला म्हटलं. दोन्ही डोळ्यात दाराचा पांढरा चौकोन उमटला. वडील याला डोळ्यात जीव आला म्हणायचे, आता पोरं कॅचलाइट म्हणतात. तो ठिपका नसला ना, तर जिवंत माणसाचा फोटोही मेल्यासारखा वाटतो. दुसऱ्या बाजूला सुनेला पांढरी चादर धरून उभी केली, हात दुखायला लागले म्हणाली, म्हटलं दोन मिनिटं. चष्म्यात दाराची चकाकी यायला लागली तर काड्या कानावरनं थोड्या उचलल्या, काचा खाली झुकल्या, चकाकी गेली. आजी नातवाला सांगत होत्या की म्हशीला पाणी दाखवलं का, आणि नाही म्हटल्यावर अशा काही बघायला लागल्या त्याच्याकडं, तेव्हा बटण दाबलं. त्या फोटोत सुरकुत्या सगळ्या आहेत, गोंदण आहे, कपाळावर पडलेली पदराच्या काठाची सावली आहे. घरच्यांनी तो आत्ताच भिंतीवर लावलाय, आजी रोज येता-जाता बघतात म्हणे आणि म्हणतात मी एवढी रागीट न्हाय.

हा फोटो मोबाईलनंही निघाला असता, हे मी माझ्या धंद्याविरुद्ध बोलतोय. फक्त मोबाईल तोंडाजवळ न्यायचा नाही, नाक मोठं येतं, पाच-सहा फूट मागं उभं राहून झूम दोन एक्सवर टाकायचा. ब्युटीचं जे काही असेल ते बंद. स्क्रीनवर उजेडाच्या गालावर बोट ठेवायचं आणि उजेड जरा खाली ओढायचा, नाहीतर पांढरी साडी नि टोपी जळून जाते, म्हणजे नुसती पांढरीफटक येते, मोबाईल आपल्या मनानं सावल्या उजळायला बघतो. आणि सावळ्या माणसाला बाजूचा मोठा उजेड जितका शोभतो तितका गोऱ्याला शोभत नाही, हे माझं पंचवीस वर्षांचं मत आहे, गालाच्या हाडावर जी चमक येते ती पावडर लावून येत नाही. पण अजूनही गिऱ्हाईक म्हणतं जरा उजळ करा. करतो बापडा, पोटाचा प्रश्न आहे.

तर विनंती एवढीच की त्या लेखाची दुरुस्ती म्हणून चार ओळी तरी छापा, की सुरुवात एका लाईटनं करावी, आणि तो लाईट घरातलं दार किंवा खिडकी असली तरी चालते. आणि जमलं तर श्रद्धांजलीच्या पानावर एका कोपऱ्यात हेही छापा की घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो आत्ताच काढून ठेवा. अपशकुन वाटेल कोणाला, तर दुसऱ्या पानावर छापा.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक स्टुडिओवाला, कराड
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं आजींचा पत्ता विचारत येतील)

ता. क. — लेखात उत्तरेच्या खिडकीबद्दल लिहिलंय की तिच्यातून कधीच ऊन येत नाही म्हणून वर्षभर तिथंच फोटो काढावा. हे युरोपातल्या पुस्तकातनं उचललेलं दिसतंय, तिकडं उन्हाळ्यातली सकाळ-संध्याकाळ सोडली तर ते खरं आहे. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कराडात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, पुण्या-मुंबईत त्यानंतर आठवड्याभरात, आणि त्याच्यापुढं थेट जुलैअखेर-ऑगस्टपर्यंत सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगालाच असतो. पावसाळ्यात ढग असतात म्हणून लक्षात येत नाही, पण मेच्या शेवटी सकाळी सात वाजता उत्तरेच्या खिडकीत कोणाला बसवाल तर डोळे मिटलेलाच फोटो येईल. त्या दिवसांत दक्षिणेची खिडकी घ्या, तिथं तेव्हा ऊन येत नाही.